बेकायदा कनेक्शन

एकतीस वर्षं महापालिकेची पाण्याची चावी फिरवली मी.
पहाटे साडेतीनला उत्तरेश्वर पेठ,
मग शुक्रवार पेठ, मग गंगावेशीची खालची बाजू.
खांद्याएवढा लोखंडी पाना,
चौदा आटे सोडले की खालून
पाणी आधी खोकतं, मग बोलतं.
इंगवले आला, की अंधारात घागरी वाजायच्या.

आता उजव्या डोळ्यात कोळिष्टकं.
त्या दिवशी पेपर वाचताना
चुलीत ओलं लाकूड सरकवावं
तसा काळा धूर उठला
आणि पाणीकपातीची बातमी अर्धीच राहिली.

मुजावर डॉक्टरीणबाईंनी
माझ्या डोळ्याच्या तळाचा फोटो काचेवर लावला.
केशरी, गोल, शिरांनी भरलेला.
मी म्हटलं, हा आमच्या डी वॉर्डाचा नकाशा.
त्या हसल्या.
मला मात्र खरंच ओळखीचं दिसलं होतं:
मुख्य लाईन, तिचे फाटे,
आणि कडेला, कुठल्याच नकाशात नसलेल्या
बारीक, वाकड्या, घाईघाईच्या लाईनी.

"साखरेनं जुन्या वाहिन्या बुजल्या," त्या म्हणाल्या,
"पडद्याला प्राणवायू पोचेना. मग तो हाक मारतो.
ती हाक म्हणजे एक प्रथिन. व्ही ई जी एफ.
सहाव्या गुणसूत्रावर त्याचं जनुक आहे.
ते सांगतं, इकडं नव्या रक्तवाहिन्या काढा.
निघतात. पण कच्च्या.
गळतात, फुटतात. तो धूर म्हणजे तुमचंच रक्त."

हे मला शिकवायला नको होतं.
एका उन्हाळ्यात जाधवांच्या बोळात
सतरा दिवस पाणी गेलं नव्हतं.
अठराव्या रात्री लोकांनी रस्ता खणला,
अर्ध्या इंचाचा पाईप,
सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
सकाळी सगळा बोळ चिखल.
मी पंचनामा केला, कनेक्शन तोडलं.
सात महिन्यांची पोटुशी बाई
कमरेवर रिकामी कळशी घेऊन बघत होती.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"यावर औषध?"
"डोळ्यात सुई. महिन्याला एक, आधी तीन.
औषध त्या हाकेला वाटेतच धरतं."
"मग हे प्रथिन वाईटच म्हणायचं."
"छे. आईच्या पोटात तुम्हाला रक्त पोचवायला
पहिल्या वाटा यानंच काढायला लावल्या.
पायाला जखम झाली तर आजही हेच धावतं."

संध्याकाळी गडहिंग्लजहून वैजूचा फोन.
सहावा महिना. बाळ लाथा मारतंय म्हणाली.
डोळ्याचं मी सांगितलं नाही.
फोन ठेवल्यावर वाटलं,
तिच्या पोटात या घटकेला खोदकाम चालू असणार,
तीच हाक, तेच चार अक्षरी नाव.
तिथं कुणी पाना घेऊन जाऊ नये.

सुईचं फार काही नाही.
थेंब, बधिरपणा, पापण्यांना चिमटा,
"वर बघा इंगवले, हलू नका."
मग पाण्यात शाई सुटावी तसं काहीतरी
आणि एक काळा बुडबुडा
दोन दिवस नजरेच्या तळाशी डुलत राहिला.

तिसऱ्या पहाटे कामावर गेलो.
पाना सोहेलच्या हातात दिला,
मी नुसते आटे मोजले, कानानं.
परत येताना जाधवांच्या बोळाशी
पाय ओला झाला.
डांबराच्या भेगेतून पाणी झिरपत होतं,
जुन्या तोडलेल्या जागेपासून हातभर लांब.
नवा सांधा. कच्चा.

सोहेलनं खिशातून वही काढली.
"लिहू काय काका? बेकायदा हाय."

मी डाव्या डोळ्यानं ओल बघत राहिलो.
"लिही नंतर," म्हटलं.
"आधी वही मागं चाळ.
बघ, किती दिस झालं
हितं पाणी सोडलेलं न्हाई."